गोल डोक्याचा बोल्ट

माझा बा अर्नाळ्याचा, होड्या बांधणारा सुतार. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आगाशीच्या नाक्यावर माझी मोटारदुरुस्तीची शेड होती, आणि बाचे हात थरथरायला लागले होते. होडीवर त्याला कोणी बोलवेना. मग तो रोज सकाळी माझ्याबरोबर आगाशीपर्यंत चालत यायचा आणि शेडच्या दारात बसून माझं काम बघायचा. मला ते फार आवडायचं, पण तोंडानं कधी म्हटलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती.

एका बागायतदाराची जुनी मोटार माझ्याकडे यायची. तिचा पंख्याचा पट्टा सारखा कडेनं फाटायचा. दोन पट्टे बदलले आणि दोन्ही वेळा पट्टा बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं!

पट्ट्याशेजारीच डायनमो धरून ठेवणारा एक बोल्ट होता. तो ढिला करूनच पट्टा ताणायचा. एका दुपारी मी जेवायला गेलो असताना बानं तो सहाकोनी डोक्याचा बोल्ट काढला आणि घरून आणलेला होडीचा बोल्ट बसवला. होडीच्या बोल्टचं डोकं गोल, गुळगुळीत. जाळं अडकू नये म्हणून. डोक्याखाली चौकोनी मान असते. ती लाकडात रुतली की बोल्ट जन्मात फिरत नाही. लोखंडाच्या भोकात ती मान मावेना, तर बानं ती कानशीनं घासून टाकली. मला काही बोलला नाही. चांगलं काम सांगायचं नसतं, अशी त्याची समजूत.

चार दिवसांनी पट्टा सैल झाला. ताणायला गेलो, तर नटाबरोबर बोल्टही गरगर फिरे. गोल डोक्याला पाना धरणार कुठे? शेवटी बोल्ट कापावा लागला. सकाळ गेली, मोटारीच्या मालकांचं मुंबईला जाणं हुकलं, आणि त्यांच्यासमोरच मी बावर ओरडलो, "ही होरी नाय, बा! कलत नाय तर हात कशाला लावतोस?"

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं आणि उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. घरी जेवण्यापुरता यायचा आणि दिवसभर किनाऱ्यावर, दुसरं कोणी बांधत असलेल्या होडीकडे पाठ करून बसायचा. आगाशीचा रस्ता मला लांब वाटायला लागला. माफी मागायची होती, पण जीभ उचलेना.

मी पुन्हा सहाकोनी बोल्ट घातला होता. आठवड्यात पट्टा फाटला. या खेपेला शिव्या द्यायच्या आधी वाकून पाहिलं. बोल्टच्या डोक्याचा एक कोपरा घासून चकाकत होता. पट्टा तिथेच कापला जात होता. मला दोन पट्टे फाटून दिसलं नाही, ते बाला दारात बसून दिसलं होतं. लाज वाटली. फार लाज वाटली.

संध्याकाळी होडीचा नवा बोल्ट, लोखंड कापायची करवत आणि पकड घेऊन मी किनाऱ्यावर त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"बा, तुझाच बोल्ट बरोबर हाय. पट्टा अटकत नाय. फक्त डोक्यावर खाच पायजे, स्क्रू ड्रायव्हर लावायला. तो परत सोरवायला लागतो."

"परत सोरवायचा?" तो माझ्याकडे बघत राहिला. "होरीचा बोल्ट सुटला तर मानसं बुडतात."

"इंजिनाचा सुटला नाय, तर मी बुडतो."

तो हसला. बोल्ट मी पकडीत धरला, करवत त्यानं चालवली. हात थरथरत होता, म्हणून मी दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. मोठा झाल्यापासून मी त्याचा हात धरला नव्हता. खाच जराशी वाकडी झाली. काही बिघडलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी शेडवर पोचलो, तर बा माझ्या आधीच दारात. मांडीवर फडक्यात बांधलेली कानस.

"आनखी काय घासतं, बघू दे मना," तो म्हणाला.

मी पाना त्याच्या हातात दिला.