ह्यांचा घसा बसला तेव्हा

आमचे हे एका कॉलेजच्या प्रवेश विभागात आहेत. खुर्चीत बसून शिक्के मारायचं काम नाही ते. परीक्षा जवळ आल्या की गाडीत माहितीपत्रकांचे गठ्ठे टाकायचे, शाळाशाळांतून हिंडायचं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगायचं, आमच्याकडे या. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात, ह्यांची तर किडकीसुद्धा खपतात. शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांच्या आधी शिपायाची विचारपूस करायची, कारण हॉलची किल्ली त्याच्याकडे असते. पहिल्या दोन बाकांकडे फार बघायचं नाही. "तिथल्या हुशार पोरांचं आधीच ठरलेलं असतं," हे म्हणतात, "आपली मुलं तिसऱ्या बाकापासून."

हंगामात हे दाढी करताना भाषण म्हणतात, आंघोळीला जाताना म्हणतात, सासूबाईंना गोळ्या देतानाही म्हणतात. त्यामुळे ते मला पोपटासारखं पाठ आहे. शेवट ऐकला की मात्र माझं डोकं फिरतं. शेवटी हे सांगतात की आमच्याकडे संध्याकाळचा वर्गही आहे, शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी. घरी आई असेल, मावशी असेल, त्यांनाही घेऊन या, वय आड येत नाही.

आता माझं कॉलेज पहिल्याच वर्षी लग्नापायी सुटलं, हे ह्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? तो वर्ग सुरू झाल्यापासून मी दर वर्षी विचारते, मी येऊ का? आधी सासूबाईंचे गुडघे आड आले, मग मुलाचं शाळेचं शेवटचं वर्ष. मुलगा शिकून नोकरीलाही लागला. यंदा विचारलं तर म्हणाले, "हंगाम संपू दे, बघू." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तर ऐन हंगामात ह्यांचा घसा बसला. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, डॉक्टर झाले, पण तोंडातून नुसती हवा. आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्या यादीतली सगळ्यात मोठी शाळा. तिथल्या मुख्याध्यापिका एकदाच तास देतात, चुकला की पुढच्या वर्षी या. ह्यांनी पाटीवर लिहावं तसं सासूबाईंच्या औषधाच्या पाकिटावर लिहिलं, "तू चल. तू बोल."

मी म्हटलं, "वा. जगातल्या सगळ्या बायका शिकायला चालतात, मी फक्त बोलायला?" पण गेले. ह्यांची नोकरी म्हणजे घरच्या चुलीचा प्रश्न, तिथे रुसून चालत नाही.

हॉल लांबलचक होता आणि माईक खरखरत होता. हे बाजूला उभे राहून कॉलेजच्या माहितीच्या तक्त्याची पानं उलटत होते. पहिली दोन वाक्यं मी तक्त्यावर वाचूनच बोलले. मग भाषण आपोआप यायला लागलं, ह्यांच्या ठरलेल्या विनोदांसकट. मागची दोन मुलं झोपली होती, ती ह्यांच्या भाषणालाही झोपत असणार, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. होता होता शेवट आला. आई असेल, मावशी असेल, वय आड येत नाही.

चौथ्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, माझी आई म्हणते, आता या वयात कुठे. तिला खरंच जमेल?"

"का नाही जमणार? जमेल."

"तुम्ही त्याच वर्गात शिकलात का?"

ह्यांच्या भाषणात याचं उत्तर नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे तक्त्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "मला फार यायचं होतं. अजून कोणी घेऊन गेलं नाही."

मुलं हसली, त्यांना वाटलं हाही विनोदच. ती मुलगी मात्र हसली नाही, म्हणाली, "मग तुम्ही आणि माझी आई बरोबरच जा." बसली. घंटा झाली आणि बरीच मुलं माहितीपत्रकं घ्यायला पुढे आली. म्हणजे ह्यांचं काम फत्ते झालं होतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अहो, आता तुम्हाला बोलता येत नाहीये, तेव्हा नीट ऐका. हंगाम संपेपर्यंत मी थांबणार नाही. माझं नाव उद्या घालायचं."

ह्यांनी किल्ली हातात धरली, पण गाडी चालू केली नाही. घशातून कसाबसा आवाज काढला. "जागा भरल्या."

"कधी?"

"परवा. शेवटची आमच्या कॅशियरच्या बायकोला दिली. तो फार मागे लागला होता."

मला रडू आलं, रागाने आलं. भरलेल्या वर्गाला आई-मावश्यांना बोलवायलाही ह्यांनी मलाच उभं केलं होतं. वर्ग ह्यांचा, शब्द ह्यांचा, जागा देणारा हातही ह्यांचा, आणि मी एकाच घरात राहून दर वर्षी विचारत बसलेली. "तो मागे लागला," मी म्हटलं, "आणि मी काय तुमच्या गळ्यात पडायला हवं होतं?" ह्यांनी मान खाली घातली. माझी आठवणच झाली नाही म्हणाले. तेवढं ऐकायला तो आवाज नसता आला तरी चाललं असतं.

तेवढ्यात फाटकातून दुसरी गाडी आत आली. मागच्या सीटवर माहितीपत्रकांचे गठ्ठे होते, रंग वेगळा. पलीकडच्या कॉलेजच्या बाई उतरल्या आणि सवयीने आधी शिपायाशी बोलायला लागल्या. ह्यांनी माझा हात धरला. मी तो सोडवला, दार उघडलं आणि तरातरा त्यांच्याकडे गेले.

"बाई, तुमच्याकडे संध्याकाळचा वर्ग आहे?"

"आहे ना. मुलीसाठी विचारताय की सुनेसाठी?"

"माझ्यासाठी."

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी पत्रक उघडलं, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "हे बघा, शिकायला वय आड येत नाही..."

"भाषण राहू द्या," मी म्हटलं. "ते मला पाठ आहे. वर्ग कधी सुरू होतो, तेवढं सांगा."