अकरा तासांची तडतड

रेडिओ दुरुस्त करण्यात सगळं आयुष्य गेलं, म्हणून लोक त्यांना रेडिओकाका म्हणत. हातात कला होती, पण हट्ट असा की समोरच्यानेच हात टेकावेत. काकूंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, स्वरयंत्र काढावं लागणार होतं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आईचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवूया."

काकांनी तिला उडवून लावलं. फोनवर काय आवाज घ्यायचा? जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोज काढून स्वतः लिनक्स ही प्रणाली बसवली होती, माइकही चांगला होता. आठ दिवसांत काकूंचे अकरा तास रेकॉर्ड झाले. नातवंडांसाठी गोष्टी होत्या, लेकीला सूचना होत्या, आणि काकांच्या वाट्याला बोलणी.

ऑपरेशननंतर महिन्याभराने, एका दुपारी, काकू शेजारी येऊन बसल्या आणि काकांनी पहिली फाइल लावली. आवाज तडतडत होता, मधेच तुटत होता.

"स्पीकर म्हातारे झालेत, माझ्यासारखे," काका म्हणाले. हेडफोन लावला, वायर बदलली. साउंड कार्ड वीज वाचवायला मधूनमधून डुलकी घेतं, ती डुलकीही बंद केली. तडतड तशीच. मग बफर वाढवला. म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी क्षणभर जिथे थांबतो ती जागा. एक गाणं लावून पाहिलं, स्वच्छ वाजलं. काकांच्या जिवात जीव आला. पुन्हा काकूंची फाइल लावली. पुन्हा तडतड.

आता काकांचा चेहरा उतरला. रेकॉर्डिंगच्या वेळी काकूंना आपला आवाज हेडफोनमध्ये लगेच ऐकू यावा, म्हणून त्यांनीच आठही दिवस बफर अगदी लहान करून ठेवला होता. जुन्या मशीनला ते झेपलं नव्हतं. जिथे जिथे ते मागे पडलं, तिथला आवाज साठलाच नव्हता. जे साठलंच नाही, ते दुरुस्त काय करणार?

"हे मशीनच..." ते म्हणू लागले. फाइल अजून चालूच होती.

"अहो," स्पीकरमधून काकू म्हणाल्या, "मला तडतड ऐकू येतेय. एकदा बघता का?"

आणि पाठोपाठ काकांचा आवाज: "आजारपणाने कान हळवे झालेत तुझे. बोल तू."

काकांनी मान वर केली नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि काकू आता काय लिहितील याची त्याहून जास्त भीती. काकूंनी वही ओढली, दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

"लेकीला यातलं काही सांगू नका. मशीन बिघडलं म्हणा."

वही हातात धरून काका ढसाढसा रडले.