सरांनी दिलेली साक्ष

पुरानंतरच्या सभेला सरांना मीच आणलं. नदीकाठच्या मोकळ्या रानात भराव टाकून इमारती उभ्या करायचं घाटत होतं आणि आमच्या गल्लीचा त्याला विरोध होता. मागच्या पुरात आमच्या घरांत छातीएवढं पाणी होतं. भराव पडला की ते आणखी चढणार, हे सगळ्यांना दिसत होतं; पण ते सांगायला जाणकार हवा होता. शेजारचे दूधवाले काका म्हणाले, "मॅडम, तुमचं सर बोललं तर वजन पडंल."

सरांकडे मी भूशास्त्र शिकले. गडमुडशिंगीच्या पुढं ओढ्याकाठी उन्हात बसून आम्ही गाळाचे थर खरवडायचो. जुन्या काळी पाऊसपाणी कसं होतं, ते त्यावरून ताडायचं. सर बजावायचे, "बाळ, या बोटभर थरात कितीतरी पिढ्यांचे पावसाळे कालवले गेलेत. आजच्या मोजमापाशेजारी हा सरळ ठेवायचा नाही."

राजारामपुरीतला हॉल गच्च भरला होता. सर माइकपाशी गेले आणि पडद्यावर एक फोटो आला. गाळाच्या थराला पट्टी लावलेली. पट्टी धरणारा हात माझा होता.

"याहून मोठे पूर या भागानं हजारो वर्षांपूर्वी पाहिलेत," सर म्हणाले. "तेव्हा कुठं कारखाने होते? हवामान बदलतच असतं. आता होतंय त्यात नवीन काही नाही. भरावाला घाबरायचं कारण नाही."

पहिल्या रांगेतल्या बिल्डरनं टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले.

"सर, या थरावरून एका पुराची उंची कळत नाही. बदल किती झपाट्यानं झाला, तेही कळत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"मॅडम जरा भावनेच्या भरात बोलतायत," सर हसून म्हणाले. त्यांनी मला मॅडम म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर काका थांबले होते. "तुम्ही आणलेला माणूस आमच्यावरच उलटला की वो! तुम्हास्नी ठावं न्हवतं व्हय?"

खरंच ठाऊक नव्हतं. पण ते पटेल असं सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेले. त्यांनी लपवलं नाही. "त्या बिल्डरनं मला सल्लागार नेमलंय. तुला सांगणारच होतो."

"आणि तो थर, सर?"

"अगं, लोकांना एवढं बारीक कुठं कळतंय?"

मी उठले. सरांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या, तोवर मी चपला घालत होते.

पुढं मी स्वतः हरकत लिहिली. सह्या मागायला दारोदार फिरले, पण अर्ध्या गल्लीनं दारातूनच परत पाठवलं. दिवाळीच्या आधी भराव पडला. काकांनी म्हशी बहिणीच्या गावी नेल्या आणि घर विकायला काढलं. सामान भरताना मी मदतीला गेले, तर ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, आमचं आम्ही बघतो."