सरासरी आणि संजू

निलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दापोडीला माहेरी बाबांच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालत होते. डॉक्टर नीलिमा हे तिचं पाटीवरचं नाव. शाळेपासून माझी ती निलूच. कॅन्सर होता, सगळं कळलेलं होतं, तरी फोनवर मी 'कधी?' एवढंच विचारलं. बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "आपली डाक्टरीण?" मी हो म्हटलं.

डोपामाईन नावाचं रसायन मेंदूत निरोप पोचवतं. ज्यांना भास होतात, त्यांच्या मेंदूत या रसायनाचं काय होतं, हे निलू स्कॅन करून शोधत असे. माझा धाकटा भाऊ संजू तिच्या अभ्यासात आपणहून सामील झाला. संजूला आवाज ऐकू येतात. बाबांच्या मते ती सगळी सोंगं होती. पाहुणे यायचे म्हटलं की त्याची रवानगी राजगुरुनगरला आत्याकडे. बाबा चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते, सुटे पार्ट मापून पास-नापास करायचे. गेजमध्ये बसेल ते खरं, बाकी गप्पा. "फोटोत बिघाड दिसू दे, मग मानीन," म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निलूकडे आले.

पडद्यावर संजूचा लाल-पिवळा मेंदू. "कुठाय बिघाड?" बाबांनी विचारलं. मी निलूला डोळ्यांनी खुणावत होते, ठेव की बाई कुठंतरी बोट!

"नाही दाखवता येत, काका."

"मग आजार न्हाई म्हण."

"आजार आहे. पुष्कळ आजारी माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले, तर हे रसायन सरासरीनं जास्त बनताना दिसतं. पण एकट्याच्या स्कॅनवरून निदान होत नाही. लॉटची सरासरी बघून तुम्ही एखादा पार्ट रिजेक्ट करता का?"

बाबा हसले. "न्हाई. त्यो पार्ट हातात घ्यावा लागतो."

"मग संजूला जवळ घ्या. काय ऐकू येतं, ते त्यालाच विचारा."

घरी येईपर्यंत मी निलूवर धुमसत होते. एवढा कसला हरिश्चंद्राचा अवतार! पण त्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही बंद केला आणि संजूला समोर बसवलं. "काय म्हणत्यात रं ते आवाज?" संजू आधी रडला, मग सांगू लागला. तेव्हापासून त्याच्या गोळ्यांच्या वेळा बाबाच सांभाळतात. निलूला हे सांगितलं तर म्हणाली, "बघ, मला बिनपगारी असिस्टंट मिळाला." तिचं हे असलं बोलणं आठवलं की आता हसूही येतं आणि रडूही.

गेल्या रविवारी माझ्या मुलीला पाहायला पिंपळे गुरवची मंडळी दापोडीलाच आली होती. संजू चहा घेऊन बाहेर आला. मुलाच्या मामांनी विचारलं, "हे कोण?" मी घाईघाईनं काहीतरी सावरून न्यायला गेले, तर बाबाच म्हणाले, "माझा धाकटा, संजय. त्याला स्किझोफ्रेनिया हाय. गोळ्या चालू हायेत. मला शुगर हाय, तसंच." आजाराचं नाव असं चारचौघांत, न कचरता घ्यायची सवय निलूची. बाबांचा उच्चारसुद्धा तिच्याचसारखा होता.

"बस रं हितं," म्हणत त्यांनी सोफ्यावर सरकून त्याला जागा केली.

मंडळींचा निरोप अजून आलेला नाही.