रक्तातला ताल

सिंगापुरात पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात तो नायजेरियाहून आलेला ऑडिटर. लिफ्टमध्ये कुणी "रॅप ऐकतोस?" विचारलं की कानातला एक इयरफोन काढून पुढे करायचा. आत इन्कम टॅक्सवरचं व्याख्यान चालू असायचं.

त्याला मी सेंगकांगच्या फ्लॅटवर गणपतीला बोलावलं. आम्ही मराठी मंडळींनी ढोलकी थेट त्याच्याच गळ्यात अडकवली. काळ्या लोकांच्या रक्तातच ताल असतो, हे आम्हाला पिक्चर बघून पक्कं ठाऊक होतं.

त्याने आरतीचं पार मातेरं केलं. टाळ भरकटले, कडवं हरवलं. तरी आम्ही ओरडतोय, "वा! काय ताल आहे!"

आरती संपल्यावर त्याने ढोलकी उतरवून माझ्या हातात दिली.

"आमच्या चर्चमध्ये मला टाळ्यासुद्धा वाजवू देत नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही मला ऐकत कुठे होतात? नुसते बघत होतात."