दत्तकपत्रावरची तारीख

माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी आधी पाणी देते आणि मग कागद मागते. सहानुभूती तिला येताना एसटीतही मिळालेली असते. वीस वर्षं वकिली केली, आधी नांदेडला, आता मुखेडला. रडण्याने निकाल लागलेला मी पाहिलेला नाही.

ही बाई जूनमध्ये आली. जवळच्याच एका गावात नवऱ्याचं किराणा दुकान. सोबत सहा वर्षांची मुलगी, दोन्ही कानांना यंत्रं. गावातल्या शाळेचे हेडमास्तर तिला पहिलीत घेत नव्हते. लातूरला अशा मुलांची निवासी शाळा आहे, तिकडे टाका, असं त्यांचं म्हणणं. बाई ऐकेना, तेव्हा त्यांनी दुसरं काढलं. जन्मदाखल्यावर आई म्हणून हिचं नाव नाही, उदगीरच्या धाकट्या बहिणीचं आहे. मग अर्जावर सही करणारी ही कोण?

लातूरची शाळा वाईट नाही. मी स्वतः तिथे दोन मुलं पाठवली आहेत, त्यांच्या आईबापांना तसं हवं होतं म्हणून. पण गावातली शाळा की विशेष शाळा, ही निवड कायद्याने मुलाच्या घरच्यांची आहे. हेडमास्तरांची नाही.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"रोज सांजच्याला घरी यावी. मांडीवर घेतली ती वसतिगृहात टाकायला व्हय?"

"दत्तक कशी घेतली?"

"बाराव्या दिवशी. बहिणीनं आन् तिच्या मालकानं उचलून आमच्या मांडीवर ठेवली. मठाच्या स्वामींनी गळ्यात इष्टलिंग बांधलं. अख्खी गल्ली जेवली."

"कागद?"

"गल्ली जेवली की, मॅडम."

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे घरातल्या घरात मूल देताना कोणी कागद करत नाही. केला तर सख्ख्या बहिणीवर विश्वास नाही असा अर्थ होतो. मूल द्यायला-घ्यायला लागतं ते सगळं इथे रीतसर झालं होतं, फक्त कोणी लिहून ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, आपण दत्तकपत्र नोंदवून टाकू आणि मगच शाळेत जाऊ.

आठवड्याने दोन्ही जोडपी दुय्यम निबंधक कार्यालयात हजर झाली. लिंग बांधणाऱ्या स्वामींनाही साक्षीला मोटारसायकलवर बसवून आणलं होतं. दत्तकपत्र मी बाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतलं होतं. त्याच्याकडे तयार नमुना असतो, तो नावं बदलतो. मी कोर्टातल्या दोन तारखांच्या मधल्या वेळात नावं तपासली आणि पुढे सरकवलं.

अधिकाऱ्याने मजकूर वाचून दाखवला. आज रोजी आम्ही आमची मुलगी दत्तक देत आहोत, हे वाक्य आलं तशी धाकटीने ठसा घेण्याच्या यंत्रावर ठेवायला नेलेला अंगठा मागे घेतला.

"आज न्हाई दिली."

"बाई, सगळे असंच लिहितात," अधिकारी म्हणाला. "लावा अंगठा."

"सगळ्यांनी आज दिली आसंल. म्या सहा वर्सांमागं दिली. आज दिली म्हणलं तर इतके दिस माझ्या अक्कानं काय भाड्यानं सांभाळली?"

"अगं, कागदच हाय तो," तिचा नवरा म्हणाला.

"तुमी गप बसा. देताना तुमचे हात थरथरले व्हते, माझे न्हाई."

रांगेतल्या एका वकिलाने हसत विचारलं, "काय मॅडम, पक्षकारांनीच ड्राफ्टमधली चूक पकडली?"

पकडली होती. मुलीचं दिव्यांग प्रमाणपत्र तीन वर्षांपूर्वीचं, आणि त्यावर आईबाप म्हणून थोरलीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव. दत्तक आजचं धरलं, तर ते प्रमाणपत्र काढलं त्या दिवशी हे दोघं तिचे कोणीच नव्हते. हेडमास्तरांनी नेमकं तेवढंच धरलं असतं. एका नमुन्यापायी मी मुलीचं वर्ष घालवलं असतं. चूक माझी होती आणि मी ती तिथेच सगळ्यांसमोर कबूल केली. मजकूर पुन्हा टाइप केला: मूल बाराव्या दिवशी दिलं, आज फक्त नोंद करत आहोत. जेवणाच्या सुट्टीनंतर धाकटीने अंगठा लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. हेडमास्तरांनी आतापर्यंत सगळं तोंडी सांगितलं होतं. तोंडी नकारावर तारीख नसते, सही नसते, त्यावर अपील करता येत नाही. मी अर्ज टेबलावर ठेवला.

"एक तर शिक्का मारून पोच द्या, नाहीतर का घेत नाही ते लिहून द्या."

त्यांनी दत्तकपत्र वाचलं, प्रमाणपत्र वाचलं, दोन्हींवरच्या तारखा बोट ठेवून जुळवल्या. मग माझ्याकडे न बघता बाईला म्हणाले, "वर्गात हिला काही कळायचं न्हाई. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," बाई म्हणाली. "आन् शाळंच्या टायमात तुमची."

लिहून द्यायला हेडमास्तर तयार नव्हते, म्हणून त्यांना पोचेचा शिक्का मारावा लागला. पोच दिल्यावर नकारही लेखीच द्यावा लागला असता, त्यामुळे मुलगी त्याच दिवशी पहिलीच्या वर्गात बसली.

विशेष शिक्षकाने आठवड्यातून एकदा शाळेत येऊन तिला शिकवायचं आहे. दिवाळी झाली तरी कोणी फिरकलेलं नाही. मी विचारायला गेले तेव्हा हेडमास्तर वैतागले. "घेतली ना मुलगी? आता अजून काय?"

अजून बरंच आहे. विशेष शिक्षकासाठीचा नवा अर्ज मी त्यांच्यासमोर ठेवला आणि पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.