गिरजाच्या नावावर माझा स्वभाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही — आणि बायकोला सांगायची गरजच नव्हती, ती तर तेव्हा शेजारीच बसली होती. तुम्हाला सांगतोय. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा, मलाही येतं.

गिरजा म्हणजे माझी बायको. तिला लहानपणापासून मिरगी. उभ्या-उभ्या कोसळायची, जीभ चावली जायची. त्यावर रोजची एक गोळी होती, आणि गोळीवर बरं चाललं होतं. पण आमच्याकडे केनवडला नांदायला आली आणि झटक्यांची दुसरीच तऱ्हा सुरू झाली — डोळे गच्च मिटलेले, अंग थडथडतंय, गालावर पाणी. हे बहुधा माझ्या आईच्या तोंडाचा पट्टा चालू असताना. आई म्हणायची, सोंग आहे. आणि मी? मी वांग्यांना पाणी द्यायला निघून जायचो. वांग्यांना इतकं पाणी पंचक्रोशीत दुसऱ्या कोणी दिलं नसेल.

स्वराज्य येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. केनवडजवळच्या मालेगावच्या दवाखान्यात तेव्हा नागपूरचा एक मनाचा डॉक्टर आला होता. त्याने नीट समजावलं — एकाच माणसाला दोन्ही तऱ्हेचे झटके येऊ शकतात, आणि दुसरे झटके म्हणजेही सोंग नव्हे; मनाला पेलवत नाही ते अंगातून बाहेर पडतं. मग म्हणाला, आधी यांचा स्वभाव तपासू. मी प्रश्न विचारतो, यांनी हो किंवा नाही म्हणायचं.

गिरजाने पदर आणखी पुढे ओढला. मी छाती काढून म्हणालो, "आमच्यात बाया परक्या मानसासंगं बोलत नाईत, सायेब. तिचं सारं मलेच ठाऊक हाय."

ठाऊक! काय ठाऊक होतं मला? पहिल्याच प्रश्नाला अडलो. रात्री झोप लागते का? लागत असेल... माझ्या आधी तिला झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग विचार केला, नवरा-बायको म्हणजे एकच की — आणि माझंच सांगत सुटलो. लोक पाठीमागे आपल्याविषयी बोलतात असं वाटतं का? वाटतं काय, बोलतातच! आपलं कौतुक व्हावं असं वाटतं? कोणाला नाही वाटत? घरातल्या मोठ्या माणसांची भीती वाटते? हो — हे जरा हळू म्हणालो, आई बाहेर बाकावर होती. कुस्त्या बघायला आवडतात? "हो तं! पहिल्या रांगेत बसून!"

डॉक्टरने मान वर केली. "यांना?"

आता माघार कशी घेणार? "लय नाद हाय तिले," मी म्हणालो. पदराआड काहीतरी हललं. हसली असावी. कधीच खोटं बोलत नाही, हे खरं का? "कधीच नाई बोलत," मी ठणकावून सांगितलं.

इथवर सगळा फार्स होता. पण मग त्याने विचारलं — घरात तुमचं म्हणणं कोणी ऐकून घेतं का?

आणि गिरजा बोलली. पदरातूनच, पण स्पष्ट. "ना—"

"हो! सारेच आयकतात!" मी तिचं बोलणं तोडत म्हणालो. तेवढं एक उत्तर माझंही नव्हतं. ते सरळ खोटं होतं, आणि का बोललो ते मला तेव्हाही कळत होतं.

शेवटी डॉक्टरने आईलाही आत बोलावून सांगितलं — स्वभाव भित्रा, कौतुकाचा भुकेला, मोठ्यांपुढे दबणारा, वेळ मारून नेण्यासाठी खोटंही बोलणारा; 'कधीच खोटं बोलत नाही' म्हणणारा हमखास बोलतो, म्हणाला. माझं इतकं खरं वर्णन कोणी केलं नाही. यांना धाक दाखवू नका, म्हणाला, आणि गोळी मात्र बंद करायची नाही. आईने यातलं फक्त 'खोटं' तेवढं उचललं.

"पाय, मी म्हनतच होती! सोंगं करून राह्यली ते. सोंगाले गोळी कायले पायजे?"

तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं — माय, तो स्वभाव माझा हाय. तोंडापर्यंत आलं होतं हो! पण स्वभाव भित्रा, हे डॉक्टरने सांगितलंच होतं. घरी आल्यावर गोळी बंद झाली. थोड्याच दिवसांत भाकरी थापता थापता गिरजाला मिरगीचा झटका आला आणि ती चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी वांग्यांत होतो.

गोळी परत सुरू झाली. लबाड हे नाव मात्र तिला कायमचं चिकटलं. शेजारीपाजारी तिचं बोलणं अर्धंच धरायचे. तिने उलट कधीच काही सांगितलं नाही — सांगितलं असतं तरी विश्वास कोणी ठेवला असता?

आणखी एक राहिलं. पुढे मुलीला बघायला शेलूबाजारची मंडळी आली. त्यांच्यातला एक म्हातारा गमतीने म्हणाला, "पोरीची माय सोभावानं कशी हाय?" आई तेव्हा वारलेली होती. घरात भ्यावं असं कोणीच उरलं नव्हतं. मी म्हणालो, "डाक्टरकडून तपासून आनली हाय — पक्की लबाड!" बैठक पोट धरून हसली.

गिरजा दाराआड चहा गाळत होती. त्या भाजलेल्या हाताने ताट धरून बाहेर आली, सगळ्यांना कप दिले, मलाही दिला. मी प्यायलो.